दोन विती, चार बोटं

इंदूअक्का कुणाच्याही घरी गेल्या की माणसांच्या आधी भिंतीकडे पाहत. भिंतीवर जुना फोटो दिसला की स्टूल मागत. चहापाणी नंतर.

आमच्या कॉलनीतल्या चौधरी गुरुजींचे वडील वारले, तेव्हा अक्का भेटायला गेल्या होत्या. खोलीत सगळे मान खाली घालून बसलेले. अक्काही थोडा वेळ तशाच बसल्या. मग त्यांची मान वर गेली. समोर गुरुजींच्या वडिलांचा लहानपणीचा फोटो होता. वय तीन-चार, हात खुर्चीच्या पाठीवर, चेहऱ्यावर फोटोग्राफरची भीती.

"गुरुजी, तो फोटो जरा खाली घेता का?"

गुरुजींना भरून आलं. त्यांनी फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि अक्कांच्या हाती दिला. अक्का तो खिडकीशी घेऊन गेल्या, तिरपा धरला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "बंडीला सहा बंद आहेत. खालचे दोन नुसते शोभेचे." मग प्रसंगाचं भान येऊन त्यांनी सांत्वनही केलं. "गळा फार छान बसला होता हो वडिलांचा."

अक्का जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या; परगावचे फोन जोडून देत. वय पन्नाशीच्या आसपास. लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले, भावंड मुळातच नव्हतं. आमच्या समोरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचं पायाचं शिलाई मशीन असे दोघे राहत. पाळी संपवून घरी आल्या की मशीन सुरू होई. शिवत त्या फक्त लहान मुलांचे कपडे, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या जन्माआधीच्या चालीचे: अंगडी, टोपडी, कुंच्या, बंड्या, चोळणे, परकर-पोलकी. धंदा नव्हता, हौस होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, फुले मार्केटात मुलांचे तयार सूट टांगलेले दिसू लागले होते. पण चेन, इलॅस्टिक आणि नायलॉन यांना अक्कांच्या घरात प्रवेश नव्हता. चेनबद्दल त्या विचारत, "पोराला कपडा घालायचा, का पोत्याचं तोंड बंद करायचं?"

नवीन काही शिवायचं सुचावं म्हणून बायका मासिकं चाळतात, दुकानाच्या काचेसमोर उभ्या राहतात. अक्का लोकांच्या घरात शिरत. "मला बसून सुचत नाही, फिरून सुचतं," असं त्यांचं म्हणणं. फोटो हे एक ठिकाण. दुसरं ठिकाण गोधडी. घरातल्या मुलांचे फाटके कपडे शेवटी गोधडीत जातात, त्यामुळे गोधडी दिसली की अक्का ती उलटी करत. "आधी उलटं करायचं," हे त्यांचं पालुपद. कपड्याबद्दल म्हणत, भाजीच्या जुडीबद्दल म्हणत, आमच्या पेपरातल्या बातमीबद्दलही म्हणत.

त्या आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी तापानं पडलो होतो. त्यांनी माझी विचारपूस केली आणि माझ्या अंगावरची गोधडी ओढून घेतली. उलटी करून एका जांभळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हे पोलकं होतं. बाही फुग्याची. कुणाचं?"

"माझं," आई म्हणाली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

मग त्या दोघी गोधडीच्या दोन कडा धरून बसल्या आणि त्या बाहीला किती चुण्या होत्या यावर बोलत राहिल्या. मी कुडकुडत होतो. बऱ्याच वेळानं अक्कांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "यांना काहीतरी पांघरायला द्या," त्या आईला म्हणाल्या.

असोद्याला एका लग्नाला गेल्या होत्या, तर लग्न न पाहताच परत आल्या. नवरीच्या मामाच्या घरी गोधड्यांची उतरंड होती. अक्षता पडत होत्या तेव्हा अक्का उतरंडीच्या तळाशी होत्या.

कापड बेतण्याआधी त्या कागदाचा नमुना कापत. कागद म्हणजे आमचं वर्तमानपत्र. मी त्या पेपरात वार्ताहर असल्यानं मला त्याचा हिशेब मिळे. नगरपालिकेच्या सभेचा माझा वृत्तान्त एका कुंचीच्या पाठीत गेला. केळीच्या भावाबद्दलची मालिका टोपड्यांना पुरली. एकदा सकाळी फाटकाशी थांबवून त्या म्हणाल्या, "भाऊ, कालची बातमी बाहीला तोकडी पडली. शेजारची मंगळसूत्राची जाहिरात जोडावी लागली. जरा लांब लिहीत जा."

तयार झालेला कपडा त्या कॉलनीतल्या कुठल्या ना कुठल्या मुलाला देत. टाके बारीक, कापड मऊ, शिलाईला नाव ठेवायला जागा नाही. पण मुलं ते घालायला तयार नसत. एका मुलाच्या चोळण्याची नाडी शाळेत वेळेवर सुटली नाही; त्यानंतर तर नाहीच. अक्कांचं मन मोडवत नव्हतं, म्हणून आयांनी मार्ग काढला होता. अक्कांनी दिलेला कपडा दारामागच्या खुंटीवर ठेवायचा, अक्कांच्या घरावरून जायचं असेल तेव्हा मुलाला वरून चढवायचा आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी काढून पिशवीत टाकायचा. माझी पत्नीही आमच्या मुलीच्या बाबतीत हेच करी. संध्याकाळी बाजाराच्या वेळी गिरणीशी दोन-तीन आया तरी पोरांचे बंद सोडताना दिसत. अक्का दारात उभ्या राहून त्या मुलांकडे पाहत आणि म्हणत, "पाहा, जुनं ते उठून दिसतं की नाही?"

कॉलनीतली सगळी मुलं त्यांना मावशी म्हणत. खानदेशात ज्याला त्याला भाऊ म्हणायची रीत आहे, बाईला अक्का म्हणायची रीत आहे, आणि आईच्या वयाची कुणीही बाई पोरांची मावशी होते. पण आत्या तशी होता येत नाही. आत्या व्हायला सख्खा नाही तरी मानलेला भाऊ लागतो, आणि त्या भावाच्या घरच्यांनी ते मान्य करावं लागतं. कुठल्याही बारशाला अक्का आपण शिवलेलं अंगडं घेऊन जात, पाळण्याच्या दोरीला हात लावत आणि नाव ठेवायची वेळ आली की मागे सरत. पुढे आत्या जाई. एकदा परतताना त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या होत्या, "मावशीपण पुष्कळ मिळालं मला. आत्या म्हणून एकदा कुणी हाक मारली असती, तर पाहिलं असतं कसं वाटतं ते." पत्नीनं विषय बदलला.

अक्कांचं मैत्र टेलिफोनच्या तारेवर होतं. चाळीसगाव, धरणगाव, एरंडोल, पारोळा, सगळ्या गावांचे ऑपरेटर त्यांच्या ओळखीचे. एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. लाइन मोकळी असली की त्या त्यांनाही कामाला लावत. चाळीसगावची ऑपरेटर तिच्या आजेसासूच्या परकराचा घेर सांगे. धरणगावचा एक जण त्यांच्यासाठी गावातल्या फोटो स्टुडिओत जाऊन काचेतल्या जुन्या फोटोंच्या कॉलरी पाहून येई. पण खरा साथीदार धुळ्याचा भामरे. पस्तिशीचा असावा. आवाज असा की तो "बोला, धुळे" म्हणाला की आमच्या ऑफिसातला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. अक्का त्याला भामरे म्हणत, तो त्यांना अक्का म्हणे. दोघांचा रोजचा विषय बाह्या, कळ्या आणि गोट.

एके दिवशी दुपारी मी ऑफिसातून धुळ्याच्या आमच्या वार्ताहराला फोन लावला होता. तो कसलासा कागद आणायला आत गेला. लाइन चालू होती. मी, जळगावची ऑपरेटर आणि धुळ्याचा ऑपरेटर असे तिघे तिच्यावर होतो. बोलत दोघेच होते.

"अक्का, पोरगा झाला."

"अरे वा! बरी आहे ना बाळंतीण? अंगडं पाठवते, भामरे."

"पाठवू नका. घेऊन या. बाराव्या दिवशी बारसं शे."

"मी कुठे येऊ एवढ्या लांब?"

"अक्का, मला बहीण नाही. आमच्या पोराला फुई नाही." अहिराणीत आत्याला फुई म्हणतात. "माय विचारत होती, नाव कोण ठेवणार? मी म्हटलं, मी रोज जिला अक्का म्हणतो, ती कोण मग?"

तारेवर प्लग खटकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, लाइन गेली. मग अक्कांचा सरकारी आवाज आला. "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"वाढवा," भामरे म्हणाला.

त्या संध्याकाळपासून अक्कांच्या घरी दुसरा विषय नव्हता. बारशाला बाळानं भामरेच्या स्वतःच्या बारशाच्या अंगड्यासारखं अंगडं घालावं, अशी भामरेच्या मायची इच्छा होती. मूळ अंगडं पेटीत होतं, पण उंदरांनी खांद्याशी कुरतडलेलं. ते नमुन्याला जळगावला पाठवा म्हटलं, तर माय म्हणाली, बारशाआधी अंगडं उंबरा ओलांडत नाही. बरं, टेपनं माप घ्या म्हटलं, तर माय म्हणाली, बाळाच्या कपड्याला टेप लावली की मूल खुरटतं. शेवटी भामरेनं ते विती आणि बोटांनी मोजायचं ठरलं. रोज लाइन मोकळी झाली की तो एकेक माप सांगे. लांबी दोन विती, चार बोटं. बाही एक वीत. बंद पाच, गळ्याला लाल गोट, काखेत तिकोनी तुकड्याची कळी.

आता प्रश्न होता विती कुणाच्या. अक्कांनी मला बोलावून हात पसरायला लावला आणि टेप धरली. माझी वीत नऊ इंच भरली.

"तुमचा आवाज बेताचा आहे," अक्का म्हणाल्या. "भामरेंचा आवाज ऐकला ना तुम्ही? तो माणूस सहा फुटांच्या खाली नाही. त्यांची वीत अकरा धरते. बोटंही त्याच मानानं."

आठवड्यात अंगडं तयार झालं. पांढरी मऊ मलमल, लाल गोट, हातशिलाईचे टाके मोजायला भिंग लागावं. माझ्या पत्नीनं ते स्वतःच्या खांद्यांशी लावून धरलं, तर त्याचं टोक तिच्या मांड्यांपर्यंत आलं.

"अक्का, हे बारशाचं आहे की मुंजीचं?"

"जुनी चाल अशीच," अक्का शांतपणे म्हणाल्या. "जुने फोटो पाहा. बाळाचे पाय दिसतात का कुठे? दिसू देत नसत. हल्ली कापडाचा कंजूषपणा वाढलाय."

इतके फोटो पाहिलेल्या बाईशी वाद घालायला आमच्याकडे एकही फोटो नव्हता.

जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचा धीर थोडा सुटला. जळगाव-धुळे फोन लवकरच थेट फिरवता येणार होता. मध्ये ऑपरेटर लागणार नव्हता. "मग मी भामरेंना काय म्हणून फोन करायचा? राँग नंबर म्हणून?" त्या म्हणाल्या. "अंगडं बरोबर उतरलं, तर त्यांची माय म्हणेल, हो, हीच फुई. नाही उतरलं, तर मी टेलिफोनवाली बाई. भाऊ, तुम्ही चला बरोबर. तुमचं धुळ्याला काही काम असेलच."

काम होतं. आम्ही सकाळची एसटी धरली. अक्का मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवून खिडकीतून पाहत होत्या. ही सगळी गावं त्या कानांनी ओळखत होत्या. एरंडोल आलं तेव्हा म्हणाल्या, "इथला ऑपरेटर हॅलोच्या आधी खोकतो." पारोळ्याला गाडी थांबल्यावर त्यांनी खाली उतरून फलाटावर नजर फिरवली. "इथली बाई तापट आहे. पण चुण्या फार छान समजावून सांगते." कंडक्टरनं बेल दिली म्हणून त्या परत चढल्या, नाहीतर शोधायला गेल्या असत्या.

धुळ्याच्या स्टँडवर भामरे घ्यायला येणार होता. अक्का गर्दीत उंच माणूस शोधू लागल्या. टपरीशी एक भरदार मिशांचा पहिलवान उभा होता. त्या थेट त्याच्यापुढे गेल्या.

"भामरे!"

"नाही वं माय," तो म्हणाला. "मी शिरपूरची गाडी पाहू ऱ्हायनू."

"अक्का!" असा घंटेसारखा नाद झाला. तो माझ्या खांद्याच्या खालून आला होता. वळून पाहिलं तर एक किरकोळ अंगाचा, गोरा, चष्मा लावलेला माणूस हात जोडून उभा होता. शर्ट त्याला दोन अंगुळं मोठा होता. तो भामरे.

अक्कांनी नमस्कार केला नाही. त्या त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहत होत्या.

"हात दाखवा."

"घरी तर चला, अक्का. भविष्य मग पाहा."

"वीत करा, भामरे."

भामरेनं भर स्टँडवर वीत केली. अक्कांनी तिला आपली वीत लावून पाहिली. त्यांचीच करंगळी थोडी पुढे गेली. त्यांनी हात मागे घेतला आणि मला विचारलं, "जळगावची गाडी कुठे लागते?"

"अहो, पाळणा सजलाय, बायका येऊन बसल्यात," भामरे म्हणाला.

"मी तुमच्या पोराला तंबू शिवलाय."

"असू द्या."

"असू द्या काय? तुमच्या मायनं एवढ्या विश्वासानं माप दिलं. मी तुमच्या आवाजावरून वीत धरली. जाते मी. बरं नव्हतं म्हणून सांगा."

 भामरेनं अक्कांच्या हातातली पिशवी घेतली आणि रिक्षात ठेवली. पिशवी गेली तिकडे अक्कांना जावं लागलं.

घरात वीसेक बायका होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा. खाटेवर जुनं अंगडं पसरून ठेवलेलं, पिवळं पडलेलं, जेमतेम वीतभर बाह्यांचं. भामरेची माय पाटावर बसली होती; बारीक, काळी, कपाळावर आडवं गोंदण. "ये वं माय," ती म्हणाली. "अंगडं लई उनी ना?" घेऊन आलीस ना, असं ती विचारत होती.

अक्कांनी पिशवीतून अंगडं काढलं आणि जुन्याशेजारी पसरलं. जुनं त्याच्यापुढे खिशासारखं दिसत होतं.  मग एका मुलीला हसू फुटलं आणि तिच्यामागोमाग सगळ्यांना.

"वहिनी, बाळाच्या बापालाच घाला!" कुणीतरी ओरडलं.

भामरेनं ते उचलून स्वतःच्या छातीला लावलं. ते त्याच्या कमरेखाली बेतशीर आलं. हसण्याचा दुसरा भर उसळला. तोही हसत होता. अक्का तेवढ्या हसत नव्हत्या. पदराचं टोक हातात घट्ट धरून त्या दाराकडे पाहत उभ्या होत्या.

मायनं हात वर केला. बायका गप्प झाल्या. तिनं नवं अंगडं मांडीवर ओढून घेतलं, गोटावरून बोट फिरवलं, बंद मोजले, काखेत हात घालून कळी चाचपली. मग जुनं घेऊन तेही तसंच चाचपलं.

"बठ्ठं तेच शे," ती म्हणाली. "निस्तं मोठं शे." आणि अक्कांकडे पाहून पुढे म्हणाली, "हाऊ पोऱ्या येमा मावाले पाच वरीस लागतीन. तोपावत फुईले दर साल येनं पडी. कितलं राहिनं, ते पाहाले."

सगळं तेच आहे, नुसतं मोठं आहे. पोरगा त्यात मावेपर्यंत पाच वर्षं लागतील. किती राहिलंय ते पाहायला तोवर फुईला दर वर्षी यावं लागेल. अक्कांना अहिराणी चांगली समजत होती. तरी त्यांनी भामरेकडे पाहिलं. त्यानं मान हलवली.

अंगड्याच्या घड्या घालून त्याचं दुपटं केलं आणि बाळाला त्यात गुंडाळलं. मलमलीतून फक्त एक लालसर नाक बाहेर होतं. "फुई, पुढे या," म्हणून हाक आली. अक्का आयुष्यभराच्या सवयीनं बाजूला सरकल्या आणि वाट मोकळी करून दिली. मागून कुणीच आलं नाही. मग त्या स्वतः पुढे गेल्या. पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानाशी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. दिवसभर अनोळखी माणसांच्या कानात बोलणाऱ्या बाईचा आवाज तेवढ्या दोन अक्षरांना चिरकला.

नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. बायका जमल्या, पण हात उठेना. पाहुणी, वयानं मोठी, त्यात सरकारी नोकर. एकीनं कशीबशी बोटं टेकवली.

अक्का वाकलेल्याच होत्या. "एवढ्या हळू काय मारू राह्यल्या?" त्या पाळण्यातूनच म्हणाल्या. "आत्याला असं मारतात का कुठे?"

मग मात्र बायकांनी कसर ठेवली नाही. नुकतंच हळदीकुंकू झालेलं, सगळ्यांचे हात भरलेले. मायनं पाटावरून उठून शेवटचा धपाटा घातला.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. अक्का सीटच्या कडेला ताठ बसल्या होत्या. रस्ता उखडलेला होता. गाडी आदळली की त्या दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरत आणि पुन्हा तशाच बसत.

मी म्हटलं, "अक्का, मागे टेका ना. पाठ दुखतेय का?"

"नाही."

"मग?"

"पाठीवर हळद आहे," त्या म्हणाल्या. "टेकलं तर पुसली जाईल."